दाजींची फरशी पांढरी पडते

‘वॅक्सिंगचं काम करतो’ असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडं बघतो आणि मग हसतो. भोसरीला आमच्या चाळीत तर पहिल्या वर्षी बायकांनी आक्काला विचारलंच होतं, की तुझा नवरा आणि भाऊ दोघंही पार्लरला जातात का म्हणून. तेव्हापासून मी सरळ सांगतो, फरशीचं काम. ऑफिसं, शोरूम, दवाखाने, क्लासेस, तिथं ती चिकटवलेली व्हिनाइलची फरशी असते ना, तिच्यावर चकाकीसाठी वॅक्स चढवलेलं असतं. माणसं चालून चालून ते काळं पडतं. मग केमिकल टाकून ते जुनं सोलून काढायचं, फरशी साफ पाण्यानं धुवायची, वाळवायची आणि नवीन वॅक्स चढवायचं. एवढंच काम. आता यात समजायला अवघड काय आहे सांगा. पण मागच्या हिवाळ्यात या एवढ्याशा कामानं आमच्या घरातल्या तिघांच्या डोक्याचा असा काही गुंता केला, की मला अजून त्याचं टोक सापडलेलं नाही.

माझे दाजी ज्योतीराम, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. औशाकडचे. तरुणपणी भोसरीत पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर होते. ते शॉप बंद पडलं, मग हाउसकीपिंगच्या ठेकेदाराकडं लागले, तिथं फरशी घासायच्या मशीनला हात लागला आणि तो काही सुटला नाही. पुढं स्वतःचं जुनं मशीन घेतलं. मला गावाहून बोलावून घेतलं, मी टेम्पो घेतला. आक्का, म्हणजे प्रभावती, पोरगी सासरी गेल्यावर घरात एकटी बसून काय करू म्हणून आमच्याबरोबर यायला लागली. तशी आमची तिघांची टोळी. केमिकल, मशीन आणि वॅक्स दाजींचं. घाण पाणी व्हॅक्यूमनं ओढून घेणं आणि वाहतूक माझी. साफ पाण्याच्या बादल्या भरून आणणं आक्काचं. आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळं जग देवाला जातं त्या दिवशी आम्ही भोसरी-चाकणच्या कंपन्यांत असतो, आणि रविवारी पिंपळे सौदागर नाहीतर निगडीच्या ऑफिसांत.

दाजी बोलायला कमी. कुठंही गेले की त्यांची पहिली नजर खाली. पुतणीच्या लग्नात सगळं कार्यालय नवरीकडं बघत होतं आणि हे बुटाच्या टाचेनं फरशी घासून बघत होते. आक्कानं कोपरानं ढोसलं तेव्हा कुठं अक्षता टाकल्या. वॅक्स चढवताना तर त्यांची तंद्रीच लागते. आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची, मॉप डावीकडून उजवीकडं फिरवत मागं मागं सरकायचं, दारापर्यंत आलं की बाहेर पाऊल टाकायचं आणि बादली उलटी करून तिच्यावर बसायचं. वाळेपर्यंत कुणाला आत सोडायचं नाही. एकदा एक मोठा साहेब फोन आत राहिला म्हणून निघाला, तर दाजींनी हात आडवा धरला. साहेब म्हणाला, महत्त्वाचे फोन येतील. दाजी म्हणाले, वाजू द्या साहेब, फरशी काय उचलणार न्हाई. मी कपाळावर हात मारला, पण साहेब हसला आणि बाहेर थांबला.

तर असा हा माणूस. आता जे झालं ते सांगतो.

दिवाळी झाल्यावर आमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून आक्का लातूरला गेली. वल्लभनगरच्या स्टँडवर मीच तिला गाडीत बसवून दिलं. ती तिकडं असतानाच पिंपळे सौदागरला एका क्लासची फरशी करायची होती. मी आणि दाजी दोघंच गेलो. जुनं वॅक्स सोलून झालं, घाण मी ओढून घेतली, आणि तेवढ्यात खालून वॉचमन आला, टेम्पो काढा म्हणून. त्याची आणि माझी चांगलीच जुंपली. माझा स्वभाव तसा आहे, आधी आवाज चढतो आणि कारण मागाहून सापडतं. भांडण संपवून वर आलो तोवर दाजींनी वॅक्सला सुरुवात केली होती. फरशी आरशासारखी लखलखत होती. आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी क्लासवाल्यांचा फोन. फरशीवर पांढरे ढग आलेत म्हणे. जाऊन बघतो तर खरंच, जागोजागी पांढुरकं पडलेलं, बोट घासलं की भुकटी निघत होती. सोललेल्या फरशीला साफ पाणी द्यायचं राहिलं आणि केमिकल तसंच वॅक्सखाली अडकलं की असंच होतं. आम्ही दोनदा पाणी देतो, कधी चुकत नाही. मी दाजींना विचारलं, पाणी दिलं होतं ना? ते उकिडवे बसून त्या पांढऱ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, आठवंना.

माणूस आहे, चुकतो. मी फार मनावर घेतलं नाही. आम्ही ती फरशी पुन्हा करून दिली आणि विषय संपला, असं मला वाटलं. आक्का लातूरहून आली तेव्हा मी तिला गमतीनं सांगितलं, की तू नव्हतीस तर दाजींचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. ती हसली नाही. दाजी बाहेर गेल्यावर तिनं मला त्यांच्या वडलांचं सांगितलं.

त्यांचे वडील धोंडीबा. चांगले धडधाकट होते, पण उतारवयात विसरायला लागले. आधी विळा कुठं ठेवला ते, मग माणसांची नावं. शेवटी स्वतःच्या दारात उभं राहून आत बसलेल्या सुनेला विचारायचे, बाई, हे घर कुणाचं? सून म्हणजे आक्काच. गावातली माणसं त्यांना कुठून कुठून हाताला धरून आणून सोडायची. दाजींनी ते सगळं पाहिलंय, आणि तेव्हापासून त्यांच्या मनात ते बसलंय, की आपलंही असंच होणार. क्लासची फरशी पांढरी पडली त्या दिवसापासून त्यांना वाटायला लागलं की झाली सुरुवात.

पुढचं काम भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसचं. आक्का बरोबर होती. फरशी पांढरी पडली. त्याच्या पुढचं निगडीला दवाखान्याचं. तीही पांढरी पडली. आता मात्र माझी झोप उडाली. मी वॅक्सचा कॅन बदलला, दुकानदाराशी भांडलो, त्यानं माझ्यासमोर कॅनमधलं थोडं काचेवर ओतून वाळवून दाखवलं, एकदम स्वच्छ. मशीनचे पॅड बदलले. मॉप नवा आणला. थंडीमुळं असेल म्हटलं, तर बाकीच्यांच्या फरश्या मस्त चमकत होत्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी माझी धावपळ.

आणि दाजी! दाजींनी स्वतःवर पहारा बसवला. काम करताना मोठ्यानं बोलायला लागले. आता केमिकल टाकलं. आता मशीन फिरवलं. आता पहिलं पाणी दिलं. सयाजी, दिलं ना? मी म्हणायचो, दिलं. जरा वेळानं पुन्हा, सयाजी, दुसरं दिलं का? दिलं दाजी. हे पहिलंच तर मोजत न्हाईस ना तू? असं विचारलं की माझाच घोळ व्हायचा. खरंच दुसरं होतं का पहिलं? मी बादल्यांकडं बघायचो, फरशीकडं बघायचो आणि मला काही म्हणजे काही सांगता यायचं नाही. दोन शहाणी माणसं एका ओल्या फरशीवर उभी राहून पाणी दिलं का नाही यावर वाद घालतायत, हे बघून दवाखान्यातल्या नर्सनं आम्हाला वेड्यात काढलं असणार.

घरीही तेच. टेम्पोची किल्ली सापडेना म्हणून सगळी खोली पालथी घातली, ती त्यांच्याच शर्टाच्या खिशात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे कुणाचं होत नाही? माझं तर रोज होतं. पण त्यांचा चेहरा बघवेना. एकदा टेम्पो ते चालवत होते, तर मोशीच्या पुढं वळण चुकले. मी म्हटलं, दाजी, त्या रस्त्याची रोज इतकी खोदाखोद चालू आहे की देवसुद्धा वळण चुकेल. ते म्हणाले, तू चुकला असतास का? आणि मला खोटं बोलता आलं नाही.

डॉक्टरकडं जाऊ म्हटलं तर नाही. आक्का विनवून थकली. त्यांचं म्हणणं, डॉक्टर हो म्हणाला तर मग काय करायचं. ती बिचारी रोज संध्याकाळी त्यांच्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकायची. तिचं म्हणणं वेगळंच, की यांना कुणाची तरी नजर लागली आहे. निगडीच्या एका शोरूमवाल्यानं त्यांच्या फरशीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता, तिथूनच सुरू झालं म्हणे. मी म्हटलं, आक्का, फरशीला कुठं नजर लागते का? ती म्हणाली, फरशीला न्हाई रं, हाताला लागते. मीही त्या दिवसांत कशावरही विश्वास ठेवायच्या बेतात होतो.

मग चाकणचं काम आलं. एका कंपनीचा ट्रेनिंग हॉल आणि रिसेप्शन. शुक्रवारी तिथं बाहेरचे पाहुणे येणार होते, म्हणून गुरुवारी करून पाहिजे होतं. मिनल मॅडम म्हणून तिथं ॲडमिनला आहेत, त्यांनीच आम्हाला बोलावलं. बाई चांगल्या. टेम्पोतून सामान उतरवताना दाजी माझ्याजवळ आले. आक्का बादल्या घेऊन पुढं गेली होती.

“सयाजी,” ते म्हणाले, “ही फरशी पांढरी पडली तर मशीन विकायचं आन् गावी जायचं. बापाला गावातली माणसं वळखून घरी आणून सोडायची. इथं मला कोण वळखतंय? भोसरीत हरवलो तर पत्ता मलाच सांगावा लागंल, आन् तोच आठवला न्हाई तर?”

मी काहीतरी दोन शब्द बोललो. काय बोललो ते आठवत नाही, आठवण्यासारखं नसणारच. तो दिवस दाजींच्या डोक्याची परीक्षा होता आणि पेपर फरशी तपासणार होती.

मीही ठरवलं, आज डोळ्यात तेल घालून बघायचं. दाजी म्हणाले, आधी एक कोपरा पुरा करून बघू, मग हॉल. केमिकल टाकलं. जुनं वॅक्स सुटून मळकट चिखल झाला, मशीन फिरलं, मी तो ओढून घेतला. आक्कानं बादली आणून ठेवली. दाजींनी पहिलं पाणी दिलं, मी ओढलं. आक्कानं दुसरी बादली आणली. दाजींनी दुसरं पाणी दिलं, मी ओढलं. या वेळी मी खिशातून खडू काढून दाराच्या चौकटीवर प्रत्येक पाण्याला एक रेघ मारली, म्हणजे वादच नको. पंखे लावून कोपरा वाळवला. दाजींनी वॅक्सचा हात दिला, मागं मागं सरकत आले आणि उलट्या बादलीवर बसले. आम्ही तिघं त्या कोपऱ्याकडं बघत बसलो. आक्का ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होती.

वाळत आला तसा कोपरा पांढरा पडला.

मी दाजींचे दोन्ही खांदे धरून सांगितलं, की तुम्ही पाणी दिलंत, दोन्ही दिलंत, मी पाहिलं, ह्या बघा रेघा. तुमचं काही चुकलेलं नाही. ते माझ्याकडं इतक्या मायेनं बघायला लागले की मलाच कसंतरी झालं. म्हणाले, तू मन राखतोस माझं. रेघा तर तूच मारल्यास. मी शपथ घेतली. ते मान हलवत राहिले. आता सांगा, एखाद्या माणसाला तू बरा आहेस हे पुराव्यानिशी सांगावं आणि त्यानं त्याचा अर्थ असा काढावा, की आपण इतके बिघडलो आहोत की लोक आता दयेनं खोटं बोलायला लागले. यावर काय इलाज?

माझं डोकं फिरलं. वॅक्स चांगलं, मशीन चांगलं, पॅड नवे, पाणी दोनदा दिलं. मग राहिलं काय? राहिलं पाणी! या भागात बोअरचं पाणी खारं निघतं असं कुणीतरी कधीतरी म्हटलेलं मला आठवलं. मी तरातरा गेलो, साफ पाण्याच्या बादलीत तळाशी थोडं उरलं होतं त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. थू! सरळ मीठ. समुद्राचं पाणीही एवढं खारट नसेल.

सापडला चोर. मी तसाच मिनल मॅडमच्या केबिनमध्ये घुसलो आणि सुरूच केलं. तुमच्या कंपनीचं पाणी असलं, तुम्ही आधी सांगायला नको का, आमच्या माणसाच्या जिवाशी खेळ चाललाय इथं. पाण्याचा आणि जिवाचा काय संबंध ते त्यांना कसं कळणार? त्या शांतपणे उठल्या, मला पँट्रीत घेऊन गेल्या, नळ सोडला आणि ग्लास भरून माझ्या हातात दिला. ह्याच टाकीचं पाणी तुमच्या बादलीतही जातं, प्या म्हणाल्या. प्यायलो. चांगलं गोड पाणी. आणखी एक घोट घेतला, तरी गोडच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो होतो. मी ग्लास खाली ठेवला, सॉरी म्हटलं आणि बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभा राहिलो.

नळाला गोड. बादलीत खारं. मध्ये काय? मध्ये तर कुणीच नाही. नळावरून बादली भरून आणते आक्का. आणि आक्का म्हणजे आक्का.

पॅसेजच्या टोकाला ती पुढची बादली घेऊन येतच होती. पदराच्या गाठीतून तिनं काहीतरी काढलं, बादलीवरून हात गोल फिरवला आणि मूठ पाण्यात सोडली. मग तिची नजर वर आली आणि तिला मी दिसलो.

तिला लपवता आलं असतं, पण तिनं लपवलं नाही. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. नजर काढायला टाकते, म्हणाली, खडे मीठ. घरीसुद्धा फरशी पुसताना टाकतात की, घरातली पीडा जाते. भोसरीच्या कामापासून टाकतेय. मी विचारलं, किती? तर म्हणाली, पहिल्यांदा चिमूटच टाकली, पण फरशी पांढरी पडली म्हणजे नजर जड असणार, म्हणून पुढं मूठ टाकायला लागले. आज दोन मुठी टाकल्या, कारण आज ह्यांचं सगळंच पणाला लागलंय ना.

म्हणजे मीठ टाकल्यानं फरशी पांढरी, फरशी पांढरी म्हणून आणखी मीठ, आणि मधल्या मध्ये तो माणूस स्वतःला वेडा समजून बसलेला. सोललेल्या फरशीवर मीठ राहिलं की वॅक्स धरतच नाही, हे तिला कुणी सांगितलं होतं? मी नाही, दाजींनी नाही. कुणी विचारलंच नव्हतं तर सांगणार कोण. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि तिचे हात बघितले, मिठानं चिरा पडलेले. तोंड मिटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

“आक्का,” मी म्हटलं, “मिठानंच पांढरी पडतेय ती.”

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. मग कळलं, आणि ती बादली तिथंच ठेवून हॉलकडं अशी पळाली की मी मागं राहिलो. मी पोहोचलो तेव्हा ती दाजींच्या समोर जमिनीवर बसून सगळं सांगून मोकळी झाली होती. मला वाटलं, दाजी आता भडकणार. भडकायला हवंही होतं. पण ते हसायला लागले. आधी बारीक, मग पोट धरून. त्या उलट्या बादलीवरून पडायच्या बेतात आले. हसता हसता डोळे पुसले, आक्काचा हात धरला, तिचं बोट जिभेला लावलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “खारट हाय रं सयाजी. म्हणजे माझं डोकं ठीक हाय.” इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडावर मी असा उजेड पाहिला नव्हता. मलाही भरून आलं, उगाच कशाला नाही म्हणू.

मग काय, कामाला लागलो. कोपरा पुन्हा सोलला, सगळा हॉल सोलला, बादल्या या वेळी मी भरल्या. दाजींनी मोठ्यानं बोलणं बंद केलं. सयाजी, दिलं ना, असं एकदाही विचारलं नाही. वॅक्स चढवत मागं मागं सरकत असे काही आले, की मिनल मॅडम दारात थांबून बघत राहिल्या. आणि फरशी! वाळत गेली तशी खोल खोल होत गेली, वरच्या ट्यूबलाइट तिच्यात जशाच्या तशा. एक ठिपका पांढरा नाही.

पहिला हात वाळेपर्यंत आम्ही बाहेर पॅसेजमध्ये डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मी आक्काची भरपूर थट्टा केली, भाजीत मीठ कमी पडलंय, गाठीतलं टाक म्हणालो. ती लाजत होती, दाजी हसत होते. घास हातात होता आणि दाजी मध्येच थांबले.

“आन् पिंपळे सौदागरची?” ते म्हणाले. “ती कशानं पडली पांढरी?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळा घोळ सुटला या आनंदात मी पहिली फरशी विसरूनच गेलो होतो. तिथं आक्का नव्हती. मीठ नव्हतं. पाणी भरायला मी होतो, आणि द्यायला दाजी एकटे.

“तिथं बी मीच टाकलं व्हतं,” आक्का म्हणाली. लगेच. भाजी वाढता वाढता. आवाजात जरासुद्धा फरक नाही.

मी मान वर केली नाही. आक्का तेव्हा लातूरला होती. आईच्या उशाशी बसली होती, आणि त्या दिवशी संध्याकाळी दाजींनी स्वतः तिला फोन लावून विचारलं होतं, म्हातारीची पट्टी काढली का म्हणून. माझ्यासमोर लावला होता. दाजी तिच्याकडं बघत राहिले. मग ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंस.” आणि घास तोंडात घातला.

बस्स. पुढं त्याबद्दल कुणी बोललं नाही. दुसरा हात दिला, तिसरा दिला, सामान आवरलं. मिनल मॅडमनी पुढच्या मजल्याचं कामही तुम्हीच करा म्हणून सांगितलं, दाजी हो म्हणाले. मशीन विकण्याची गोष्ट हवेत विरून गेली. ते खुशीत होते. टेम्पोत मशीन चढवताना मला म्हणाले, पॅड घासलाय, आठवण कर उद्या. मग म्हणाले, राहू दे, राहील माझ्या लक्षात.

चाकण चौकात नेहमीसारखं अडकलो. दाजी चहा आणतो म्हणून खाली उतरले, रस्त्यापलीकडच्या टपरीकडं गेले. आक्का माझ्या शेजारी बसली होती. ती काचेतून त्यांच्या पाठीकडं बघत होती, ते गर्दीत दिसेनासे झाले तरी बघत होती.

“सयाजी,” ती म्हणाली, “त्यांनी खरं मानलं का रं?”

मानलं म्हणावं, तर आक्का तेव्हा इथं नव्हती हेच ते विसरले, असा अर्थ झाला. नाही मानलं म्हणावं, तर त्यांचं डोकं शाबूत आहे, पण मग पाणी द्यायचं त्या दिवशी खरंच विसरले होते, आणि ते त्यांना कळलं आहे, आणि तरी ते आमच्यासाठी हसतायत. दोन्हीतलं कुठलं बरं तेच मला कळेना. तिलाही कळत नव्हतं, म्हणून तर ती मला विचारत होती. मागच्या गाड्यांनी हॉर्न लावला. पुढचं मोकळं झालं होतं आणि दाजी अजून परत आले नव्हते.

“थांब जरा,” आक्का म्हणाली, “येतील ते.”